रोव्हरला आधी थांबायला शिकवा, मग चालायला: बेळगाव-खानापूरकडच्या नवख्यांसाठी

सायन्स एक्झिबिशन किंवा डिप्लोमाचं फायनल इयर जवळ आलं की पोरं विचारायला येतात, सर रोव्हर करायचाय, ऑटोनॉमस. आणि दाखवतात काय, तर मोबाईलवरनं ब्लूटूथनं पळणारी गाडी, वर एक सोलर पॅनल चिकटवलेलं. गाडी छान असते, पण ती रिमोटची गाडी. रोव्हर स्वतः चालतो म्हणजे काय, तर पुढं खड्डा आहे का दगड आहे ते त्याला कळतं आणि कुणी न सांगता तो थांबतो. खाली जे लिहिलंय ते त्या क्रमानंच करा, उड्या मारू नका, कारण बहुतेक जण डायरेक्ट कॅमेरा आणि एआयवर जातात आणि मग गाडी भिंतीला धडकली की कोडमध्ये चूक शोधत बसतात.

आधी हे का लागतं ते समजून घ्या. मंगळ जवळ असताना सिग्नल पोचायला साधारण ३ मिनिटं लागतात आणि लांब असताना २२ मिनिटं, ते पण एकाच बाजूला. म्हणजे फोटो बघून तुम्ही "थांब" म्हणेपर्यंत रोव्हर कधीच खड्ड्यात. चंद्राचं सोपं आहे, १.३ सेकंद, म्हणूनच सोव्हिएत युनियनचा चंद्रावरचा रोव्हर लुनोखोद १९७० मध्ये जमिनीवर बसलेली टीम चालवू शकली. आपला चांद्रयान-३ चा प्रज्ञान, २६ किलोचा, सेकंदाला १ सेंटिमीटर चालणारा, त्याच्यापण दोन नेव्हिगेशन कॅमेऱ्यांचे फोटो खाली बेंगळुरूला यायचे, तिथं जमिनीचा उंचसखल नकाशा बनायचा आणि मग पुढच्या थोड्या मीटरचा रस्ता ठरवून आज्ञा जायची. २७ ऑगस्ट २०२३ ला त्याच्या समोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा आला, तेव्हा मागं फिर म्हणून इथूनच सांगितलं आणि तो फिरला. ही पण एक पद्धत आहे आणि नवख्या टीमनं तिला कमी समजू नये. लॅपटॉपवर नकाशा बनवा, रोव्हरला फक्त "एक मीटर पुढं, तीस डिग्री डावीकडं" एवढंच पाठवा, पहिल्या वर्षी एवढं जमलं तरी पुष्कळ.

पायरी १: बॉडी, आणि तिची मर्यादा कागदावर

सहा चाकांची रॉकर-बोगी करायचा मोह सगळ्यांना होतो. मजा आहे त्यात, सहाही चाकं जमिनीला टेकून राहतात आणि स्प्रिंग नसताना चाकाच्या व्यासाच्या जवळपास उंचीचा दगड चढता येतो. बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात कुणी ओळखीचा टर्नर किंवा वेल्डर असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून, बेअरिंग बसवून होतं ते काम. पण ते पहिल्याच प्रोजेक्टला नको. चार चाकांची साधी चासी घ्या, गिअर मोटर एन्कोडरवाल्या, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या घ्या (हे महत्त्वाचं, स्वस्तातल्या पिवळ्या मोटर नकोत, पुढं कळेल का ते), आणि चाकं शक्य तेवढी मोठी.

आता वही काढा. तीन गोष्टी मोजून लिहा. एक, पोटाखाली किती जागा आहे. दोन, किती उतारावर गाडी कलंडते, ते फळी हळूहळू उचलून बघा आणि फळीचा कोन मोबाईलच्या ॲपनं मोजा. तीन, पूर्ण स्पीडला असताना मोटर बंद केली तर किती सेंटिमीटर घसरत पुढं जाते. हे तीन आकडे नसतील तर पुढचं सगळं सॉफ्टवेअर हवेत. नासाचा मंगळावरचा रोव्हर पर्सिव्हिअरन्स ४५ डिग्रीपर्यंत कलला तरी उलटणार नाही असा बनवलाय, पण चालवणारे ३० च्या वर जाऊ देत नाहीत. तुम्ही पण तसंच करा, फळीवर गाडी ३० ला उलटली असेल तर कोडमध्ये २० घाला.

पायरी २: वायरिंग

यावर जास्त लिहीत नाही, व्हिडिओ ढीगभर आहेत. चारच गोष्टी सांगतो. मोटरची बॅटरी आणि रास्पबेरी पायची (छोटा कॉम्प्युटर, पुढं नुसतं "पाय" म्हणतो) पॉवर वेगवेगळी ठेवा पण ग्राउंड एकच करा. एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा बोर्ड) जवळजवळ २ व्होल्ट स्वतःच खातो, तेव्हा ७.४ व्होल्टच्या पॅकवर मोटर मरगळलेली वाटली तर मोटरला शिव्या घालू नका. अल्ट्रासोनिक सेन्सरची (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरनं अंतर मोजणारा) इको पिन ५ व्होल्ट देते आणि पायची पिन ३.३ व्होल्टची असते, तो थेट पायला जोडत असाल तर मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर लावा नाहीतर पाय जळतो. आणि लिथियम सेल असतील तर बीएमएस बोर्ड (सेल सांभाळणारं सर्किट) पाहिजेच, उन्हात ठेवलेल्या डब्यात नुसते सेल कोंबू नका.

मेंदू दोन ठेवा. आर्डुइनोकडं (साधा कंट्रोलर बोर्ड) मोटर आणि धोक्याचे सेन्सर, पायकडं कॅमेरा, नकाशा, रस्ता. पाय हँग झाला तरी आर्डुइनो जागा राहतो. दर अर्ध्या सेकंदाला पायकडनं "मी आहे" असा एक अक्षराचा मेसेज यायला पाहिजे, नाही आला की आर्डुइनोनं कुणाला न विचारता मोटर बंद करायच्या. दहा ओळींचा कोड आहे, पण डेमोच्या दिवशी हाच वाचवतो.

पायरी ३: थांबणं

आता खरं काम. आठवडा गेला तरी चालेल पण ही पायरी पक्की करा.

समोर एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर लावा. २ सेंटिमीटर ते ४ मीटर असं डेटाशीटमध्ये असतं, पण मैदानात दीड-दोन मीटरच्या पुढचं खरं मानू नका. आवाजाचा वेग २० डिग्रीला सेकंदाला ३४३ मीटर, आणि प्रत्येक डिग्रीला ०.६ नं वाढतो, म्हणजे एप्रिलात दुपारी ३६ डिग्री असेल तर जवळजवळ ३५३. तीन टक्के फरक, थांबायच्या कामाला काही बिघडत नाही, पण माहिती असावं. एका रीडिंगवर विश्वास ठेवू नका, तीन घ्या आणि मधलं धरा. दोन रीडिंगमध्ये ६० मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर आधीचाच आवाज परत येऊन खोटा आकडा देतो.

हिशोब असा. तीन रीडिंगला साधारण ०.२ सेकंद. गाडी सेकंदाला २० सेंटिमीटर पळत असेल तर तेवढ्यात ४ सेंटिमीटर गेली. वहीत घसरण ६ सेंटिमीटर लिहिली असेल तर झाले १०. दुप्पट करा, २० सेंटिमीटरला थांबायचं. ओल्या गवतावर घसरण परत मोजा, ती वेगळी येते.

समोरचा दगड कळला, पण खड्डा? आमच्या खानापूरकडं जांभ्याच्या खाणी, शेतात पाट, रस्त्याकडेला गटार, इथं वर आलेल्या दगडापेक्षा खाली गेलेली जमीन जास्त घात करते. त्यासाठी पुढं एक दांडी काढून तिच्यावर खाली तिरका बघणारा सेन्सर लावा. इथं अल्ट्रासोनिक नको, तिरक्या जमिनीवरनं आवाज पुढं निघून जातो आणि परतच येत नाही. छोटा लेझरचा टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर मिळतो, प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरनं अंतर सांगणारा, व्हीएल५३एल०एक्स, तो लावा. उन्हात त्याची रेंज बरीच कमी होते, वर काळ्या कागदाची टोपी करा, आणि आपल्याला लांबचं बघायचंच नाहीये. सेन्सर २० सेंटिमीटर उंचीवर, ४५ डिग्री खाली वाकवला तर सपाट जमीन २८ सेंटिमीटरवर दिसली पाहिजे. ३३ च्या वर गेली तर खड्डा, २३ च्या खाली आली तर उंचवटा. गाडी स्वतः वर-खाली कलली की हे आकडे बदलतात, म्हणून एमपीयू६०५० सारखा आयएमयू (कल आणि वळण मोजणारा सेन्सर) लावून कोन वजा करायला लागतो, ते विसरला तर प्रत्येक चढावर गाडी "खड्डा खड्डा" म्हणून उभी राहणार.

आणि आता या अख्ख्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: रीडिंग आलं नाही म्हणजे समोर मोकळं आहे असं नाही. सेन्सरसाठी मिळणाऱ्या तयार कोडमध्ये (लायब्ररीत) काहीच परत आलं नाही तर शून्य मिळतो किंवा कमाल अंतर मिळतं, आणि पोरं ते "रस्ता साफ" म्हणून वाचतात. खोल विहीर पण रीडिंग देत नाही की. म्हणून तीन उत्तरं ठेवा, "साफ", "धोका" आणि "माहीत नाही", आणि "माहीत नाही" आलं की वागणं धोक्यासारखंच, थांब, थोडं मागं ये, वळून परत बघ. पुढं नकाशा करतानापण हेच चालू राहणार आहे.

एक जाता जाता. हे अल्ट्रासोनिक चंद्रावर अजिबात चालणार नाही, हवाच नाही, आणि मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी. तिथं १९९७ मध्ये नासाचा सोजर्नर रोव्हर गेला तेव्हा त्यानं जमिनीवर लेझरच्या रेषा पाडल्या आणि कॅमेऱ्यात ती रेषा कुठं वाकडी होते ते बघून दगड ओळखले. हा प्रयोग घरी होतो, लाल लाइन लेझर आणि एक वेबकॅम, अंधाऱ्या खोलीत. लेझर कुणाच्या डोळ्यात मारू नका.

पायरी ४: दोन डोळे

थांबणं पक्कं झालं का? मग कॅमेरा. दोन सारखे कॅमेरे शेजारी शेजारी घट्ट बसवायचे, तोच दगड डाव्या फोटोत आणि उजव्या फोटोत किती पिक्सेल सरकलाय ते मोजायचं, जवळचा जास्त सरकतो, लांबचा कमी. अंतर म्हणजे फोकल लेंथ गुणिले दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर, भागिले सरकलेले पिक्सेल.

आकडे घालून बघा म्हणजे डोक्यात बसेल. फोकल लेंथ ६०० पिक्सेल, कॅमेरे ६ सेंटिमीटर लांब. १ मीटरवरचा दगड ३६ पिक्सेल सरकतो, ४ मीटरवरचा फक्त ९. आता मोजण्यात एक पिक्सेलची चूक झाली तर १ मीटरला फरक पडतो ३ सेंटिमीटरचा, आणि ४ मीटरला अर्ध्या मीटरचा. म्हणून या सेटअपवर दोन मीटरच्या पलीकडचं काही नकाशात घालू नका. लांबचं पाहिजे असेल तर कॅमेरे लांब बसवायला लागतात. नासाच्या मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या डोक्यावरच्या नेव्हिगेशन कॅमेऱ्यांमध्ये ४२ सेंटिमीटर अंतर आहे, आणि त्याच्या आधीच्या स्पिरिट-ऑपॉर्च्युनिटी या जोडीच्या पोटाजवळच्या हॅझकॅमना (धोका बघणारे कॅमेरे), ज्यांना पायासमोरचंच बघायचं, फक्त १०.

कॅलिब्रेशनला, म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांची मापं ठरवून घ्यायला, ओपनसीव्ही (फोटोंवर काम करणारं सॉफ्टवेअर) आणि बुद्धिबळाच्या पटाचा प्रिंट. प्रिंट काचेवर किंवा प्लायवर चिकटवा, वाकलेला कागद चालत नाही. कॅलिब्रेशन झाल्यावर कॅमेऱ्याचा स्क्रू हलला तर परत पहिल्यापासनं, म्हणून थ्रेडलॉक (स्क्रू घट्ट धरणारा डिंक) लावा.

दोन कॅमेऱ्यांच्या या पद्धतीला स्टिरिओ म्हणतात, आणि तिचं दुखणं म्हणजे तिला जमिनीवर खुणा पाहिजेत, खडे, भेगा, काड्या. सारवल्यासारख्या गुळगुळीत लाल मातीवर ती आंधळी होते, कारण सगळीकडं सारखंच दिसतंय, जोडी लावणार कशाची. तिथं परत तिसरं उत्तर, "माहीत नाही". संध्याकाळी सूर्य पाठीमागं असला की स्वतःची सावली समोर पडते आणि गाडीबरोबर सरकते, तिचीपण काळजी घ्या.

पायरी ५: चौकटींचा नकाशा

समोरच्या जमिनीचे चौकोन पाडा, एक चौकोन एका चाकाएवढा. स्टिरिओतनं आलेले बिंदू त्या त्या चौकोनात टाका. मग प्रत्येक चौकोनाला तीन प्रश्न: आतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालचा बिंदू यात फरक किती (पोटाखालच्या जागेशी ताडा), आजूबाजूचे चौकोन धरून उतार किती (फळीच्या आकड्याशी ताडा), आणि किती खडबडीत. वही आत्ता कामाला आली बघा. त्यावरनं चौकोनाला भाव द्या, सपाट असेल तर स्वस्त, खडबडीत असेल तर महाग, मोठा दगड असेल तर बंद. ज्या चौकोनात बिंदूच पडले नाहीत तो "माहीत नाही", आणि त्याचा भाव बंदच्या जवळपास. मोठ्या दगडामागं नेहमी अशी पट्टी राहते कारण कॅमेऱ्याला पलीकडचं दिसत नाही, तिथं खड्डा असू शकतो.

बंद चौकोन थोडे फुगवा, गाडीच्या अर्ध्या रुंदीएवढे चारी बाजूंनी. मग गाडीला एक टिंब समजून रस्ता काढता येतो. फुगवलं नाही तर गाडीचा मध्य दगडाशेजारनं बरोब्बर जातो आणि मागचं चाक अडकतं.

रस्ता काढायला ए-स्टार, म्हणजे ध्येयापर्यंतचा सगळ्यात स्वस्त रस्ता शोधणारा, १९६८ चा अल्गोरिदम आहे आणि अजून तोच शिकवतात, पायथॉनमध्ये पन्नास-साठ ओळी. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी २००४ ला उतरले तेव्हा त्यांच्यात असा लांबचा रस्ता काढणारा भाग नव्हता, फक्त समोर काही ठराविक वळणं टाकून बघायची, त्यातलं सुरक्षित आणि ध्येयाकडं जाणारं घ्यायचं. एकेकटा दगड असला की छान चालायचं, पण दगडांची यू आकाराची रांग आली की आत शिरून तिथंच मागं-पुढं. नंतर फील्ड डी-स्टार नावाचा, लांबचा रस्ता काढणारा प्रकार त्यांना पृथ्वीवरनं पाठवला. तुम्ही दोन्ही करून बघा, आधी वळणंवालं, मग मैदानात विटांचा यू मांडून गाडी अडकवा, मग ए-स्टार घाला. तेव्हा कळतं ते कशासाठी आहे.

स्पीडची घाई नको. चालायचं, थांबायचं, फोटो घ्यायचा, विचार करायचा, परत चालायचं. स्पिरिट-ऑपॉर्च्युनिटीचा प्रोसेसर २० मेगाहर्ट्झचा होता, तुमच्या पायपुढं काहीच नाही, पण त्यांनी असंच थांबत थांबत काम केलं. पर्सिव्हिअरन्सला फोटोंसाठी वेगळा कॉम्प्युटर दिलाय म्हणून तो चालता चालता विचार करतो, ताशी १२० मीटरपर्यंत. क्युरिऑसिटी तसाच स्वतःच्या बुद्धीनं चालला तर ताशी २० च्या आसपास.

पायरी ६: चाकांवर विश्वास नको

एन्कोडरवाल्या मोटर घ्या म्हटलं होतं ते इथं. चाक किती फिरलं त्यावरनं गाडी किती गेली ते काढतात, पण वाळूत चाक फिरतं आणि गाडी तिथंच. एप्रिल २००५ मध्ये ऑपॉर्च्युनिटी मंगळावर वाळूच्या एका लाटेत रुतला, आज्ञा होती चालत राहा, चाकं फिरत राहिली, त्याला वाटलं आपण चाललोय. बाहेर काढायला पाच आठवडे लागले आणि त्या जागेचं नाव पर्गेटरी पडलं. स्पिरिट २००९ मध्ये असाच मऊ मातीत फसला तो निघालाच नाही, मार्च २०१० मध्ये त्याच्याशी शेवटचं बोलणं झालं.

यावर उपाय म्हणजे व्हिज्युअल ओडोमेट्री. थांबून फोटो घ्या, आधीच्या फोटोतले तेच खडे शोधा, ते किती मागं गेले त्यावरनं गाडी खरंच किती पुढं आली ते काढा. मग एक वजा (खरं अंतर भागिले चाकांनी सांगितलेलं अंतर), ही घसर. चाकं म्हणतात १०० सेंटिमीटर, फोटो म्हणतात ७०, तर घसर ३० टक्के. माझा सल्ला, ३० च्या वर गेली की स्पीड निम्मा, ५० च्या वर गेली की थांब आणि आलेल्या वाटेनं मागं, पुढं जोर लावायचा नाही. वळण मोजायला मात्र चाकांपेक्षा आयएमयूमधला जायरो (वळण मोजणारा भाग) बरा, जागेवर वळताना चाकं फार खोटं बोलतात.

घसरीची टेस्ट करायला लांब जायची गरज नाही, गल्लीत कुठंतरी घराचं काम चालू असतंच, वाळूचा ढीग असतो, मालकाला विचारा.

पायरी ७: टेस्टला कुठं जायचं

सुरुवात घरच्या टेरेसवर, विटा आणि उशा मांडून. मग बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जाऊ शकता पण सकाळी फिरायला येणारे, कुत्री, क्रिकेटवाली पोरं, सगळे गोळा होतात आणि तुमचा रोव्हर माणसांनाच दगड समजून उभा राहतो. गर्दी नसलेली वेळ बघा.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे सुगी झाल्यावर मोकळं पडलेलं शेत. येळ्ळूरकडची काळी जमीन वाळली की हातभर भेगा पडतात, खड्ड्याच्या सेन्सरला याच्यापेक्षा चांगली परीक्षा नाही, आणि खुणा भरपूर म्हणून स्टिरिओ पण खूश. भाताचे सड आहेत तिथं मात्र नवखा रोव्हर फसतो, काडी वाकणारी आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही, दगडच वाटतो. खानापूरच्या लाल मातीत फोटो मंगळासारखे येतात म्हणून सगळ्यांना तिकडं जायचं असतं, जा, पण जुन्या चिऱ्याच्या खाणीच्या काठावर टेस्ट घेऊ नका, गाडी गेली तर गेली, मागं धावणारा पोरगा जाईल. जूनच्या आत सगळं उरका, एकदा पाऊस लागला की काळ्या मातीचा चिखल चाकाला असा चिकटतो की चाकाचा व्यासच बदलतो आणि एन्कोडरचा हिशोब गेला.

शेतमालकाला आधी विचारा. "मामा, मशीन टेस्ट करायचंय, पीक नाही तिथंच फिरवतो" एवढं नीट सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही, उलट बांधावर बसून बघतात आणि विचारतात, "ह्ये फवारणी करतंय काय रे?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, ओळीतनं पीक न तुडवता चालणं हाच रस्ता काढायचा प्रश्न आहे, चौकोनांचे भाव फक्त बदलायचे, पिकाची ओळ बंद, मधली सरी स्वस्त.

पायरी ८: लॉग

प्रत्येक फेरीला रोव्हरनं फाईल लिहिली पाहिजे, वेळ, सगळे सेन्सर, नकाशा, कुठलं वळण घेतलं आणि का थांबला. "का थांबला" हा कॉलम सगळ्यात कामाचा. घरी येऊन बघा, थांबला त्यातलं खरंच धोक्यामुळं किती आणि उगाच किती. उगाच थांबणं जास्त असेल तर मर्यादा थोड्या सैल करा, एका वेळी एकच, आणि वहीत तारीख घालून लिहा. पण थांबायला पाहिजे तिथं एकदा जरी थांबला नाही तर सैल करणं बंद आणि परत पायरी ३ वर जा.

हे सगळं जमलं की मग स्पर्धांचं बघा. इस्रोच्या बेंगळुरूच्या यू. आर. राव सॅटेलाइट सेंटरनं २०२४ साठी विद्यार्थ्यांची रोबोटिक्स चॅलेंज काढली होती, रोव्हरचीच. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात दरवर्षी युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंज होते, त्यात स्वतः चालायचा वेगळा टास्क असतो आणि भारतातल्या कॉलेजांच्या टीम जातात. जुने नियम वाचा, नुसते वाचले तरी पुढचे सहा महिने काय करायचं ते ठरतं. आणि टीममध्ये एक जण फक्त बॅटरी चार्जिंग आणि जंपर वायरी बघायला ठेवा, मैदानात अर्धा वेळ त्यातच जातो.